गाडीचा आवाज बदलताना: कॅट-बॅक एक्झॉस्ट म्हणजे काय आणि तो कसा बसवतात

गावाकडे आमच्या विहिरीवर एका सिलिंडरचं ऑइल इंजिन होतं. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून त्याच्या उभ्या धुराड्यावर वडिलांनी पत्र्याचं झाकण बिजागरीवर बसवलं होतं. इंजिन सुरू झालं की ते झाकण प्रत्येक ठोक्याला उडायचं आणि परत पडायचं. पुक्, पुक्, पुक्. मला वाटायचं, आवाज झाकणाचाच आहे. एकदा वडिलांनी काठीनं झाकण उचलून धरलं, तरी आवाज तसाच राहिला. म्हणाले, "धूर सलग येत नाही रे, गठ्ठ्या-गठ्ठ्यानं येतो. गठ्ठा बाहेर पडला की ठोका ऐकू येतो."

गाडीच्या एक्झॉस्टबद्दल, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांबद्दल, पुढे जे काही शिकलो, ते सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

आज अमेरिकेत, मिशिगनमध्ये माझ्याकडे २०१६ सालची फोर्ड मस्टँग जीटी आहे. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, म्हणजे दोन बाजूंना चार-चार सिलिंडर, ४३५ हॉर्सपॉवर. या इंजिनात क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्यात चार सिलिंडर पेटतात, म्हणजे मिनिटाला साडेसहा हजार फेरे असताना सेकंदाला चारशेहून जास्त गठ्ठे मागच्या नळ्यांतून बाहेर पडतात. गेल्या उन्हाळ्यात मी गाडीचा मूळ एक्झॉस्ट उतरवून बाजारातला दुसरा बसवला. पुण्याहून भाच्याचा लगेच फोन आला आणि त्याचा पहिला प्रश्न होता, "मामा, पॉवर किती वाढली?"

थोडी वाढली. आवाज मात्र पूर्ण बदलला. हा खर्च करण्याआधी हे दोन्ही का होतं ते समजून घेतलं, तर पैसे योग्य जागी जातात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिनापासून टोकापर्यंत

सिलिंडरमधला जळालेला वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच बाहेर झेपावतो. तो आधी मॅनिफोल्डमध्ये येतो, जिथे एका बाजूच्या चार सिलिंडरांच्या वाटा एकत्र होतात. मॅनिफोल्डच्या जागी लांब, सुट्या नळ्यांचा जो संच बसवतात त्याला हेडर म्हणतात. पुढे येतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बोलीभाषेत 'कॅट'. मधमाशांच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. अडीच-तीनशे अंशांच्या पुढे तापला की हा थर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं बऱ्याच कमी घातक वायूंमध्ये रूपांतर करतो. कॅटच्या आधी आणि नंतर ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढचा सेन्सर इंधन-हवेच्या मिश्रणावर लक्ष ठेवतो, मागचा कॅट नीट काम करतोय का ते पाहतो.

कॅटच्या मागे मधला पाइप, त्यात बहुधा रेझोनेटर (आवाजातले काही सूर दाबणारा डबा), मग मागच्या ॲक्सलवरून, म्हणजे चाकांच्या आसावरून, वळण घेणारे पाइप, मफलर आणि शेवटी चकचकीत टोकं. आपल्याकडे मफलरला सरसकट सायलेन्सर म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

एक्झॉस्ट बदलायचा म्हणजे ही साखळी कुठून तोडायची ते ठरवायचं. फक्त ॲक्सलच्या मागचा भाग बदलला तर तो ॲक्सल-बॅक. कॅटच्या मागचं सगळं बदललं तर कॅट-बॅक. हेडर बदलायला गेलात तर कॅटशी छेडछाड जवळजवळ अटळ असते. तिथे कायदा येतो, इंजिनाच्या संगणकाचं नवं ट्यूनिंग येतं आणि काम घरच्या गॅरेजच्या बाहेर जातं. मी कॅटला हात न लावता मागचं सगळं बदललं. पहिल्यांदा करणाऱ्यानं याच्या पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"इंजिनाला थोडा अडथळा लागतोच" हे खरं आहे का?

गॅरेजमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं: बॅकप्रेशर लागतं, एकदम मोकळा पाइप लावला तर गाडी खालच्या आरपीएमला (मिनिटाला कमी फेरे असताना) मरते. यातलं निरीक्षण खरं आहे, कारण मात्र चुकीचं सांगितलं जातं.

आधी वायू किती असतो ते पाहू. पाच लिटरचं चार स्ट्रोकचं इंजिन दर फेऱ्याला अडीच लिटर हवा ओढतं. मिनिटाला ६,५०० फेरे म्हणजे सुमारे १६,२५० लिटर, सेकंदाला साधारण २७०. जळून तो वायू सहाशे अंशांच्या आसपास असेल तर फुगून जवळजवळ तिप्पट होतो. म्हणजे दोनशे लिटरची चार पिंपं भरतील एवढा वायू दर सेकंदाला दोन नळ्यांतून बाहेर काढायचा आहे. तिथे अडथळा असेल तर पिस्टनला तो वायू ढकलायला स्वतःची ताकद खर्चावी लागते. इंजिनाला अडथळा कधीच नको असतो.

मग जाड पाइप लावल्यावर खालच्या वेगात दम का जातो? कारण इंजिनाला अडथळा नको असला तरी वायूचा वेग हवा असतो. गठ्ठा वेगात पुढे गेला की त्याच्या मागे दाब कमी होतो, आणि तो कमी दाब पुढच्या सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेतो. शिवाय गठ्ठ्याबरोबर निघालेली दाबाची लाट जिथे नळ्या एकत्र येतात तिथून उलटी होऊन परत येते. ती योग्य क्षणी व्हॉल्व्हपाशी पोचली तर सिलिंडर आणखी स्वच्छ होतो आणि ताजी हवा जास्त भरते. याला स्कॅव्हेंजिंग म्हणतात.

आता अडीच इंची नळीच्या जागी तीन इंची टाकली तर आतली जागा ४४ टक्के वाढते. वरच्या आरपीएमला ती उपयोगी पडते. खालच्या आरपीएमला तेवढाच वायू जास्त रुंद वाटेनं रेंगाळत जातो आणि ओढ कमी होते. ओढा रुंद पात्रात आला की संथ होतो, तसंच.

लाटांची ही करामत मुख्यतः हेडरमध्ये घडते. कॅटच्या मागे पोचेपर्यंत गठ्ठे बरेच विरलेले असतात. त्यात २०१५ नंतरच्या मस्टँगचा मूळ एक्झॉस्ट कंपनीनं चांगलाच मोकळा ठेवलाय. त्यामुळे कॅट-बॅकनं मिळणारी वाढ मोजकी असते. ४३५ हॉर्सपॉवरच्या गाडीत तेवढा फरक पाठीला जाणवत नाही. जाहिरातीतला आकडा पाहून विकत घेणारा निराश होतो आणि आवाजासाठी घेणारा खूश राहतो. भाच्याला मी हेच सांगितलं.

आवाज येतो कुठून

नवा एक्झॉस्ट बसवल्यावर मी आवाज रेकॉर्ड करून वडिलांना पाठवला. त्यांनी दोनदा ऐकला आणि विचारलं, "मधेच एखादा ठोका चुकतोय का रे?"

त्यांचा कान अचूक आहे. ठोका चुकत नाही, पण अंतरं समान नाहीत. या इंजिनाचा क्रँकशाफ्ट क्रॉस-प्लेन आहे, म्हणजे त्याच्या खुंट्या एकमेकींशी काटकोनात, अधिकच्या चिन्हासारख्या असतात. आठही सिलिंडर मिळून दर ९० अंशांना एक स्फोट नेमका होतो. पण एकाच बाजूचे चार सिलिंडर पाहिले तर त्यांचे स्फोट कधी ९०, कधी १८०, तर कधी २७० अंशांच्या अंतरानं होतात. दोन ठोके जवळ, मग लांब उसंत, मग पुन्हा ठोका. अमेरिकन व्ही-८ ची ती गडगड, ती हेलकावे खाणारी लय, या असमान अंतरांतून येते. याच मस्टँगच्या शेल्बी जीटी-३५० या भावंडात ५.२ लिटरचं इंजिन फ्लॅट-प्लेन क्रँकशाफ्टचं होतं. त्यात प्रत्येक बाजूला ठोके समान अंतरानं पडतात, म्हणून त्याचा आवाज किंचाळीकडे झुकतो, फेरारीच्या व्ही-८ सारखा.

दोन्ही बाजूंच्या पाइपांना जोडणारा दुवा या लयीवर मोठा परिणाम करतो. सरळ आडवी नळी टाकली तर रोमन एचसारखा आकार होतो. दाब थोडाफार इकडून तिकडे जातो, पण दोन्ही बाजूंची आपापली लय टिकते आणि आवाज खर्जातला राहतो. दोन्ही पाइप एकमेकांना चिकटवून फुलीसारखे जोडले तर दोन्हीकडचे गठ्ठे एकमेकांत मिसळतात, अंतरं भरून निघतात, आवाज चढा आणि गुळगुळीत होतो. मला खर्ज आवडतो, म्हणून मी आडवी नळी घेतली. इथे बरोबर-चूक असं काही नाही. ज्याचा आवाज आवडतो अशी दुसऱ्याची गाडी प्रत्यक्ष ऐकावी. फोनचा माइक खर्ज पकडत नाही, त्यामुळे व्हिडिओवर विसंबून घेऊ नये.

सायलेन्सरही दोन स्वभावांचे असतात. एकात पत्र्याच्या भिंती घालून खोल्या केलेल्या असतात. आवाज त्यांवर आपटून परततो आणि लाट लाटेला खोडते. दुसऱ्यात आरपार जाणारी भोकांची नळी असते आणि तिच्याभोवती काचतंतू किंवा बसॉल्टचे तंतू ठासलेले असतात. वायू सरळ जातो, आवाज भोकांतून तंतूंत शिरून मुरतो. दुसरा जास्त मोकळा, पण तंतू काही वर्षांत जळून उडत जातात आणि गाडी हळूहळू जास्त ओरडू लागते. नव्या दिवशी जेमतेम सहन होणारा आवाज घेतलात तर तीन वर्षांनी तो सहन होणार नाही, हे लक्षात ठेवा.

ड्रोन: ज्याबद्दल विक्रेता बोलत नाही

हा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण लोक एक्झॉस्ट परत काढतात ते बहुतेक वेळा याच्यामुळे.

हायवेवर एकाच वेगात गाडी चालली असताना एका विशिष्ट आरपीएमला केबिनमध्ये 'हूंऽऽ' असा दाब भरून येतो. तो कानापेक्षा डोक्यात वाजतो. दोन तासांनी डोकं ठणकतं, मागे बसलेल्याशी बोलता येत नाही. याला ड्रोन म्हणतात.

गणित सोपं आहे. २,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३३ फेरे आणि एक तृतीयांश. प्रत्येक फेऱ्याला चार ठोके धरले तर सुमारे १३३ हर्ट्झ. मोटारीच्या केबिनमधली बंदिस्त हवा आणि पत्रे साधारण याच पट्ट्यात आपोआप घुमू लागतात. एक्झॉस्टचा सूर आणि केबिनचा सूर जुळला की आवाज अंगावर येतो. तंबोऱ्याची तार नेमकी लागली की भोपळा कसा भरून वाजतो, तेच इथे आपल्या इच्छेविरुद्ध होतं.

उपाय सुंदर आहे. मुख्य पाइपाला एक बंद तोंडाची नळी काटकोनात जोडायची. ध्वनिलाट तिच्यात शिरते, बंद टोकाला आपटून परत येते. नळीची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या पाव भाग असेल तर परतलेली लाट मुख्य लाटेच्या बरोबर उलट पावलात येते आणि दोघी एकमेकींना खोडतात. तापलेल्या वायूत आवाज हवेपेक्षा जास्त वेगानं धावतो, तीनशे अंशांना सेकंदाला सुमारे ४८० मीटर. ४८० भागिले १३३, म्हणजे तरंगलांबी ३.६ मीटर, तिचा पाव भाग ९० सेंटिमीटर. साधारण दोन हात लांबीची, एक टोक बंद असलेली साधी नळी, तिच्यात हलणारा एकही भाग नाही, आणि ती हायवेवरची डोकेदुखी घालवते. इंग्रजी जे अक्षरासारखी वाकवलेली अशी नळी काही संचांत तयारच मिळते. घेताना ती आहे का, हे आवर्जून विचारा. ती फक्त एका सुराभोवतीच काम करते, बाकी आवाज जसाच्या तसा राहतो.

धातू: स्वयंपाकघरातली चाचणी

स्टीलच्या डब्यावर '१८/८' लिहिलेलं पाहिलं असेल. अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल. एक्झॉस्टवाले याच धातूला ३०४ म्हणतात. तो गंजाला चांगलाच टिकतो आणि लोहचुंबक त्याला जवळजवळ चिकटत नाही. दुसरा प्रकार ४०९. त्यात क्रोमियम अकराच्या आसपास, निकेल नगण्य. तो स्वस्त, चुंबकाला चिकटतो, वरवर तांबूस गंज धरतो, पण लवकर कुजत नाही. तिसरा म्हणजे साध्या पोलादावर ॲल्युमिनियमचा मुलामा. मुलामा शाबूत असेतोवर ठीक, ओरखडा पडला किंवा वेल्डिंगची जागा उघडी राहिली की तिथून खात जातो.

मिशिगनमध्ये हा प्रश्न शोभेचा नाही. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. खुद्द डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे साडेतीनशे मीटर खोल मिठाची खाण आहे. ते खारट पाणी गाडीच्या पोटाला लागून राहतं. म्हणून मी ३०४ घेतला. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत समुद्राकाठी गाडी ठेवणाऱ्यालाही मी हेच सांगेन.

पाइप वाकवायची पद्धतही पाहा. बागेतला रबरी पाइप नुसता वाकवला की वळणावर चेपतो आणि पाणी अडतं. लोखंडी पाइप आधाराविना वाकवला तर तेच होतं. चांगले कारखाने आत ठोकळा सरकवत वाकवतात, त्याला मँड्रेल बेंडिंग म्हणतात. वळणातही व्यास कायम राहतो. वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या दिसल्या तर तो पाइप घेऊ नका.

बसवताना

काम अवघड नाही, पण गाडीखाली झोपून करायचं आहे. म्हणून आधी हे: गाडी रात्रभर गार होऊ द्या. सपाट काँक्रीटवर उभी करा, चाकांना अडसर लावा, आणि चारही कोपऱ्यांना कंपनीनं सांगितलेल्या जागीच घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावा. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. घोड्यांवर बसल्यावर गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहा. जी हलवल्यावर पडू शकते ती तुम्ही खाली नसतानाच पडलेली बरी. चश्मा असला तरी वरून बंद गॉगल घाला, कारण गंजाचे कण सरळ डोळ्यांत पडतात.

आदल्या संध्याकाळी प्रत्येक नट-बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. माझ्या गाडीच्या कॅटमागच्या क्लॅम्पचा (पाइपांचा सांधा आवळणाऱ्या पट्ट्याचा) एक नट दहा वर्षांचं मीठ खाऊन बसला होता. मी घाई केली, लांब पान्यानं जोर लावला आणि बोल्टचे आटे गेले. तो क्लॅम्प शेवटी कापून काढावा लागला आणि नवा येईपर्यंत गाडी चार दिवस घोड्यांवर राहिली. आता मी नट सोडवताना आधी थोडा आवळायच्या दिशेनं ढकलतो, मग थोडा सोडतो, पुन्हा तेल. वेळ लागतो, पण आटे वाचतात.

जुना एक्झॉस्ट रबरी हँगरांवर लोंबकळत असतो. पाइपाला वेल्ड केलेल्या सळया या रबरांच्या भोकांत अडकवलेल्या असतात. साबणाचं पाणी लावलं की त्या निसटतात. खनिज तेल लावू नका, रबर फुगून खराब होतं. हँगर सोडवण्याआधी मागच्या बाजूला दुसरा जॅक किंवा माणूस हवा, कारण अख्खा संच एकदम सुटला तर एकट्याला पेलत नाही. मला माझ्या बायकोनं मदत केली. ती मागची टोकं धरून होती आणि मी पुढून सोडवत आलो. एक गोष्ट कटाक्षानं पाळा: कॅटच्या आसपासच्या सेन्सरच्या तारांवर कशाचंही वजन येऊ देऊ नका.

ॲक्सल-बॅक घेणाऱ्यांसाठी एक सूचना. या पिढीच्या मस्टँगचा मूळ संच वेल्ड केलेला आहे, त्यामुळे फक्त मागचा भाग बदलायचा तर पाइप कापावा लागतो. एकदा कापला की मूळ रूप सहज परत येत नाही. कॅट-बॅकमध्ये मूळ संच क्लॅम्पपासून अखंड निघतो.

नवा संच बसवायचा एकच मोठा नियम आहे: सगळं सैल जोडा, मग शेवटी आवळा. पुढून सुरुवात करून प्रत्येक तुकडा त्याच्या जागी सरकवा, हँगर अडकवा, क्लॅम्प फक्त बोटांनी फिरवून ठेवा. पहिला सांधा आधीच आवळला तर पुढची प्रत्येक चूक मागच्या टोकापर्यंत मोठी होत जाते आणि शेवटी बंपरच्या खाचेत एक टोक वर, एक खाली दिसतं.

सगळं अडकवलं की मग गाडीखाली शांतपणे पडून पाहा. पाइप प्रोपेलर शाफ्टपासून, ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्यांपासून, सस्पेन्शनपासून किती लांब आहे? किमान दोन बोटं जागा सगळीकडे हवी. कारण पाइप तापल्यावर वाढतो. ३०४ स्टीलचा तीन मीटरचा पाइप तीनशे अंशांनी तापला तर जवळजवळ दीड सेंटिमीटर लांब होतो. गार असताना बंपरला जेमतेम न लागणारं टोक हायवेवर प्लास्टिक वितळवू शकतं. कंपनी एक्झॉस्ट घट्ट बोल्टनं न बांधता रबरावर टांगते त्यामागे हेही कारण आहे. इंजिनाची थरथर तर आहेच, पण पाइपाला वाढायला मोकळीकही हवी.

मग पुढून मागे एकेक क्लॅम्प आवळत या, दर वेळी टोकं सरळ आहेत ना ते पाहत. इंजिन सुरू करण्याआधी सगळा पाइप स्पिरिटनं पुसा. बोटांचे तेलकट ठसे तापल्यावर स्टीलवर भाजले जातात आणि कायमचे राहतात.

गळती तपासताना गॅरेजचं दार पूर्ण उघडं हवं, शक्यतो गाडी बाहेरच हवी. इथल्या थंडीत दार बंद करून काम करायचा मोह होतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो माणसाला झोपेत नेतो. इंजिन गार असतानाच सुरू करा, सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडा, बुडबुडे आले की तिथे गळतं. फिस्-फिस् असा ठोक्यागणिक येणारा आवाज हीही खूण आहे. कॅटपाशी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सर फसतो आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत नव्या पाइपातून थोडा धूर येईल. तो कारखान्यातल्या तेलाचा असतो, घाबरू नका.

कायदा आणि शेजारी

अमेरिकेत कॅट काढणं हे केंद्रीय स्वच्छ हवा कायद्याविरुद्ध आहे, राज्य कुठलंही असो. कॅटच्या मागचं बदलायला मोकळीक आहे, पण आवाजाचे नियम राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियात साध्या मोटारींना ९५ डेसिबलची मर्यादा आहे.

भारतात परिस्थिती बरीच कडक आहे, आणि भाच्याला मी ही गोष्ट नीट समजावून सांगितली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे ठामपणे सांगितलं. आवाज आणि हवा-प्रदूषणाचे निकष मोडल्यास कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. पुणे, मुंबई, नागपूरला पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. भाच्याला मी सांगितलं की त्यानं आपल्या गाडीचा मूळ एक्झॉस्ट ठेवावा, आणि आवाजाची हौस ट्रॅकवर जाऊन भागवावी.

डेसिबल हा आकडा फसवा असतो. तो सरळ वाढत नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की दहापट, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. फोर्डनं २०१८ च्या मस्टँगमध्ये झडपेचा एक्झॉस्ट आणला, त्यात सकाळी गाडी हळू आवाजात सुरू करायची सोय आहे. 'गुड नेबर मोड' असं तिचं नाव. फोर्डच्याच एका अधिकाऱ्यानं शेल्बी जीटी-३५० घराबाहेर काढली तेव्हा शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं होतं, त्यातून ही कल्पना आली. आवाज सुमारे दहा डेसिबलनं उतरून ७२ वर येतो. म्हणजे कानाला निम्मा.

माझ्या गाडीत ती सोय नाही. गार इंजिन सुरू होताना कॅट लवकर तापावा म्हणून संगणक आरपीएम चढा ठेवतो, त्यामुळे पहिलं मिनिट सगळ्यात मोठ्या आवाजाचं असतं. पलीकडच्या घरात तान्हं बाळ आहे. म्हणून काम झाल्यावर त्यांच्याकडे गेलो, गाडी एकदा सुरू करून ऐकवली आणि बाळाच्या झोपेच्या वेळा विचारून घेतल्या. सकाळी आठच्या आत ही गाडी मी काढत नाही, दुसरी नेतो.

दीडशे किलोमीटरनंतर पाइप चार-पाच वेळा तापून गार झाला होता. पुन्हा गाडी घोड्यांवर घेतली आणि प्रत्येक क्लॅम्पला पाना लावला. दोन क्लॅम्प जवळजवळ अर्धा फेरा आवळले गेले, डावं टोक काही मिलिमीटर खाली आलं होतं ते वर घेतलं. मूळ एक्झॉस्ट पुसून, सांध्यांना तेल लावून, गॅरेजच्या भिंतीवर दोन आकड्यांना टांगून ठेवलाय. गाडी विकताना घेणाऱ्याला तो लागेल.